रशियन शिकताना आठवलेली शाळा

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा निरोप आला तेव्हा मनात प्रथम तेच आले जे आपणा सर्वांच्या मनात येते : पहाटेची घंटा, वंदनेसाठी धरलेली रांग, खाडीवरून येणारा खारा वारा आणि भोजनगृहातील पातळ आमटी. या आठवणी माझ्याही आहेत; परंतु इतरांनी त्या माझ्याहून सरस लिहिल्या आहेत. म्हणून मी थोडा निराळा विषय घेतला आहे. वयाच्या पन्नाशीत, मोबाइलवरील अ‍ॅपच्या साहाय्याने मी रशियन भाषा शिकू लागलो, त्याची ही हकीकत. याचा आपल्या शाळेशी काय संबंध, असे वाचक विचारतील. तो संबंध आरंभी मलाही दिसला नव्हता.

माझी धाकटी मुलगी २०१८ च्या सप्टेंबरात वैद्यकीय शिक्षणासाठी रशियातील त्व्हेर या शहरी गेली. येथील शासकीय महाविद्यालयातील जागा थोड्या गुणांनी हुकली होती आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाच्या आवाक्यात नव्हते. भविष्य निर्वाह निधीतून काही रक्कम काढली, काही कर्ज घेतले आणि मुलीला विमानात बसवले. शिक्षण इंग्रजी माध्यमातून असते, एवढ्यावर आमचे समाधान होते. पुढे लक्षात आले की वर्गातील व्याख्यान इंग्रजीत असले, तरी रुग्णालयातील रुग्ण इंग्रजीत आजारी पडत नाही. चौथ्या वर्षापासून रुग्णाच्या खाटेशी उभे राहून विचारपूस करायची, ती रशियन भाषेतच.

त्व्हेर हे नाव आमच्या घरात नवे नव्हते. रेवदंड्याला शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा एक उंच स्तंभ आहे. त्यावर मराठीबरोबर रशियन अक्षरेही कोरलेली आहेत. तो अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या सुमारे पाव शतक आधी, हा माणूस होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तेथून जुन्नर, बीदर असा तो फिरला आणि परतताना आपल्या गावी पोहोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याचे गाव त्व्हेर. त्याने लिहून ठेवलेले प्रवासवर्णन आज रशियन साहित्याचा ठेवा मानले जाते. १९५७ साली ‘परदेसी’ हा भारत आणि सोव्हिएत संघ यांचा संयुक्त चित्रपट त्याच्यावरच निघाला होता. मुलीने त्व्हेरला पोहोचल्यावर पहिले छायाचित्र पाठवले, ते व्होल्गाकाठच्या निकितिनच्या पुतळ्याचे. खाली लिहिले होते, ‘बाबा, आपल्याकडचे पाहुणे इथे भेटले.’

पुढील चार महिन्यांत मात्र तिचे फोन आखूड होत गेले. दुकानात पावासाठी बोट दाखवावे लागते, बसमध्ये कोणी काही विचारले तर मान खाली घालावी लागते, वर्गाबाहेर आपण मुक्या आहोत, असे ती म्हणाली. परत यावेसे वाटते, हे वाक्य तिने उच्चारले नाही. पण बापाला ते ऐकू आले. मी तेथे जाऊ शकत नव्हतो. तिच्याबरोबर शिकू मात्र शकत होतो. २०१९ च्या जानेवारीत मी मोबाइलवर ‘ड्युओलिंगो’ उतरवून घेतले आणि तिला सांगितले, ‘आजपासून तुझ्या वर्गात आणखी एक विद्यार्थी.’

ज्यांनी हे अ‍ॅप पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. त्यात एक हिरवे घुबड आहे. ते रोज आठवण करते, पाठ झाला की कौतुक करते आणि आपण सलग किती दिवस हजर राहिलो त्याचा आकडा दाखवते. धडे लहान असतात. चित्र, शब्द, ऐकून लिहिणे, विस्कटलेले वाक्य जुळवणे, असे पाच-दहा मिनिटांचे काम. चुकलेला शब्द काही वेळाने पुन्हा समोर येतो. यामागे जुने शास्त्र आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले आपण आरंभी झपाट्याने व नंतर हळूहळू विसरतो, आणि योग्य अंतराने उजळणी केली तर ते टिकते. अ‍ॅपे हे अंतर आपल्या वतीने मोजतात. आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. तिपिटक लेखनात उतरण्याआधी कित्येक शतके भाणकांच्या मुखी राहिले, ते रोजच्या उजळणीच्या बळावरच.

रशियन लिपीत ३३ अक्षरे आहेत. ती मला तीन आठवड्यांत आली. त्यात मराठी माणसाला एक सुखद अनुभव येतो. ‘चहा’तील च आणि ‘चाक’मधील च यांना आपण एकाच अक्षराने लिहितो, पण उच्चार दोन करतो. रशियनमध्ये या दोन्ही उच्चारांना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला दुसरा च समजावून सांगावा लागतो. आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो.

खरी अडचण व्याकरणाची होती. हे अ‍ॅप रशियन शिकवते ते इंग्रजीतून. मराठीतून शिकण्याची सोय त्यात नव्हती. ‘माझ्याकडे वही आहे’ हे रशियनमध्ये सांगायचे तर आधी ते इंग्रजीत ‘आय हॅव’ असे करायचे आणि मग त्याचे रशियन जुळवायचे. दोन महिने मी असा वळसा घालत राहिलो व रोज चुकत राहिलो. नामाची रूपे का बदलतात हे कळेना. घुबड उत्तर चूक आहे एवढे सांगे. का चूक आहे हे सांगण्याची त्याची पद्धत तोकडी होती.

एका रात्री ‘पिशू रूच्कोय’ असे वाक्य आले. अर्थ, पेनाने लिहितो. मूळ शब्द ‘रूच्का’, म्हणजे पेन. त्याचे ‘रूच्कोय’ झाले, म्हणजे पेनाने. मी मोबाइल बाजूला ठेवला. ही तर तृतीया विभक्ती! आणि त्याबरोबर मला चाळीस वर्षांपूर्वीचे आपले वसतिगृह दिसले.

आमच्या वेळचे अधीक्षक संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आम्हाला पाली शिकवीत. त्रिशरण-पंचशील आम्हाला तोंडपाठ होते. अर्थ मात्र ठाऊक नव्हता. सरांना ते खपत नसे. ‘न समजता म्हटलेली वंदना म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेले पत्र,’ असे ते म्हणत. एकेक शब्द ते फळ्यावर लिहीत आणि विचारीत, कोणती विभक्ती? बुद्धेन म्हणजे बुद्धाने. बुद्धस्स म्हणजे बुद्धाचा किंवा बुद्धाला. विहारे म्हणजे विहारात. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी शिकलेले कोणी नव्हते. प्रमाण मराठी हीच आम्हाला परकी वाटे, तेथे पाली कशाला, असे आम्ही आपसांत कुरकुरत असू. एकदा सर आम्हाला कुडा लेण्यांत घेऊन गेले. भिंतीवरच्या ब्राह्मी लेखातील अक्षरे बोटाने दाखवत त्यांनी एक ओळ वाचली. ‘अक्षरांना घाबरायचे नाही, ती माणसांनीच केलेली आहेत,’ एवढेच ते बोलले. ते वाक्य तेव्हा मनात राहिले, पण कोणत्या कामी येईल हे कळले नव्हते.

त्या रात्री मी एक जुनी वही काढली. इंग्रजीचा वळसा सोडून दिला आणि डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला रशियन असे लिहू लागलो. ‘उ मेन्या येस्त् तेत्राद्’ म्हणजे माझ्याकडे आहे वही. ‘माझ्याकडे’ला ‘उ मेन्या’, ‘आहे’ला ‘येस्त्’. ‘म्न्ये खोलद्ना’ म्हणजे मला थंडी वाजते. येथेही थंडी ‘मला’च वाजते. ‘फ्श्कोले’ म्हणजे शाळेत, सप्तमी. ‘तो आपले पुस्तक वाचतो’ यातील ‘आपले’ या शब्दासाठी इंग्रजीत अडखळावे लागते, रशियनमध्ये ‘स्वोय’ हा शब्द तयार असतो आणि त्यात आपला ‘स्व’ स्पष्ट ऐकू येतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा आदराचा भेद तेथे आहे. तीन लिंगे आहेत. मी गेलो तर ‘या पशोल’, माझी मुलगी गेली तर ती म्हणणार ‘या पश्ला’. आपल्या ‘गेलो’ आणि ‘गेले’सारखेच. बुद्ध या नावाचीही गंमत पाहा : पालीत बुद्धेन, मराठीत बुद्धाने, रशियनमध्ये बुद्दोय.

शब्दांतही जुनी नाती दिसत होती. पालीतील भाता, म्हणजे भाऊ, रशियनमध्ये ब्रात. माता ती मात्. पालीत दोन म्हणजे द्वे. रशियनमध्येही स्त्रीलिंगी नामाबरोबर द्वे. मात्र येथे एक खुलासा करणे शिक्षक म्हणून मला आवश्यक वाटते. रशियन भाषा संस्कृतातून निघाली, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ते खरे नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात मांडले, आणि पुढच्या अभ्यासकांनी सिद्ध केले, ते असे की या भाषा एका अतिप्राचीन भाषेच्या शाखा आहेत. त्या परस्परांच्या बहिणी आहेत. कोणी कोणाची आई नाही.

मुलीला मी वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवू लागलो. ती तिकडून चुका दुरुस्त करून पाठवी. बाप विद्यार्थी आणि लेक शिक्षिका, असा आमचा वर्ग रात्री साडेनऊला भरे. याच काळात तिला तिच्या वसतिगृहात कल्मीकियाची एक मुलगी भेटली. कल्मीकिया, बुर्यातिया आणि तुवा हे रशियातील प्रदेश परंपरेने बौद्ध आहेत, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. मुलीच्या टेबलावरील बुद्धाचे चित्र पाहून त्या मुलीने विचारले, तू बौद्ध आहेस का? माझ्या मुलीने रशियनमध्ये उत्तर दिले आणि दोघी दोन तास बोलत बसल्या. अर्धे शब्द चुकले असतील. पण अ‍ॅपच्या बाहेरचे ते तिचे पहिले संभाषण. त्या दिवशीचा तिचा फोन लांबला.

तेव्हा मला धर्मानंद कोसंबी यांची आठवण झाली. गोव्यातील सांखवाळ या गावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाचा धम्म समजून घेण्यासाठी घराबाहेर पडला. श्रीलंकेत जाऊन त्यांनी पाली आत्मसात केली, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले, रशियन भाषाही ते शिकले. १९२९ साली लेनिनग्राडला जाऊन त्यांनी पाली शिकवली. फ्योदोर श्चेर्बात्स्की यांच्यासारखे बौद्ध तत्त्वज्ञानाचे थोर अभ्यासक तेव्हा त्याच शहरात काम करीत होते. परदेशातून परतल्यावर कोसंबींनी परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार उभारला. त्यांच्या हाती कोणते अ‍ॅप होते? पाली शिकण्यासाठी ते माणसांकडे गेले आणि पाली शिकवण्यासाठीही माणसांकडेच गेले.

माझा सलग हजेरीचा आकडा वाढत होता. खरे सांगायचे तर त्या आकड्याचा मला मोह जडला होता. कोणाच्या लग्नात असलो तरी कोपऱ्यात जाऊन मी पाच मिनिटांचा पाठ उरकी. अवघड पाठ टाळून सोपा पाठ पुन्हा करी, कारण आकडा त्यानेही वाढतो. २०२० च्या जूनपर्यंत तो ५०० च्या पुढे गेला.

मग ३ जून आला. ‘निसर्ग’ चक्रीवादळ त्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या दिवसाचे वर्णन या स्मरणिकेच्या वाचकांना करून सांगण्याची गरज नाही. तुमच्यापैकी अनेकांची कौले त्या दिवशी उडाली आहेत. चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, जिकडे पाहावे तिकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. आमच्या घरावर शेजारच्या आंब्याची फांदी पडली. वीज गेली, ती कित्येक दिवस आली नाही. मोबाइलचे मनोरे बंद पडले. टाळेबंदीमुळे विमाने थांबलेली होती आणि मुलगी त्व्हेरच्या वसतिगृहात अडकली होती. तिला वादळाची बातमी दिसत होती. आमचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता.

हजेरीचा आकडा अर्थात तुटला. एखाद्या दिवसाची सूट अ‍ॅपमध्ये मिळते, आठवड्यांची मिळत नाही. तिसऱ्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात, मनाला काही उद्योग हवा म्हणून मी वही उघडली आणि मला येत असलेला प्रत्येक रशियन शब्द लिहायला घेतला. अ‍ॅपच्या हिशेबाने मी दीड हजारांवर शब्द शिकलो होतो. वहीत तीनशेही उतरले नाहीत. त्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. जे उतरले होते ते एकतर मराठीशी किंवा पालीशी मी स्वतः जोडलेले शब्द होते, नाहीतर मुलीबरोबरच्या बोलण्यात वापरलेले. नुसते चित्र पाहून बोट टेकवलेले शब्द पडद्याबरोबरच विझले होते. अधीक्षकांचे ते पत्ता नसलेले पत्र मी ५०० दिवस टाकत आलो होतो.

पाचव्या दिवशी मोटारसायकलवरून, पडलेली झाडे चुकवत, अलिबागच्या दिशेने गेलो. वाटेत एका ठिकाणी मोबाइलला थोडे रेंज आले. मुलीने फोन उचलला, पण तिला बोलवेना. मलाही मराठी सुचेना. तोंडातून निघाले ते ‘फ्स्यो खरशो’, म्हणजे सगळे ठीक आहे. ती हुंदके देता देता हसली आणि म्हणाली, ‘बाबा, उच्चार चुकला.’

पुढच्या वर्षी ती रुग्णालयात जाऊ लागली आणि नवी अडचण उभी राहिली. ‘ग्द्ये बालीत?’ म्हणजे कुठे दुखते, हे विचारता येई. पण रुग्ण जे उत्तर देई ते कोणत्याच अ‍ॅपमध्ये नव्हते. अ‍ॅपने सफरचंद, मांजर आणि विमानतळ शिकवले होते. म्हातारी बाई ‘दोचिन्का’, म्हणजे लेकी, अशी प्रेमाने हाक मारून आपले दुखणे दहा तऱ्हांनी सांगे, आणि मुलीला त्यातली एकच तऱ्हा कळे. इंग्रजी पुस्तकातील शब्द मदतीला येत नव्हते. तिने मला लिहिले, ‘बाबा, आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत ते लिहून पाठवा. माझे मलाच आठवत नाहीत.’

मी माझ्या आईकडे गेलो. तेव्हा तिचे वय ऐंशीच्या पुढे होते. शाळेत ती कधी गेली नव्हती. मात्र आयुष्यभर शेतात आणि मिठागरात राबलेल्या शरीराला दुखण्याची भाषा पुरती अवगत असते. तिने ओट्यावर बसून सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेलो : ठणकते, टोचते, जळजळते, चमक मारते, कळ येते, सणक जाते, ओढ बसते, डोके गरगरते, अंग मोडून येते, पायाला मुंग्या येतात. प्रत्येक शब्दाबरोबर ती शरीरावर जागा दाखवी. ठणका कसा थांबून थांबून येतो आणि कळ कशी एकदम येऊन जाते, हा फरक तिने मला ज्या स्पष्टतेने सांगितला, तो कोणत्याही पुस्तकातून मला कळला नसता.

ती यादी मुलीने रुग्णालयातील एका ज्येष्ठ परिचारिकेपुढे ठेवली आणि हातवाऱ्यांनी एकेक शब्द विचारून घेतला. दोन दिवसांनी तिचा फोन आला तो आजीसाठीच. ‘आजी, इथेही मुंग्याच येतात!’ रशियन माणूस हातापायाला मुंग्या आल्या की ‘मुराश्की’ म्हणतो, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ बारक्या मुंग्या. अंग दुखते तेव्हा तो ‘लोमित’ म्हणतो. ‘लमात्’ म्हणजे मोडणे. म्हणजे अंग तिकडेही मोडूनच येते. चक्कर आली की त्याचेही डोके गरगर फिरते. आईला रशिया कोठे आहे हे ठाऊक नव्हते. ती एवढेच म्हणाली, ‘माणसाचं अंग सगळीकडं सारखंच की गं.’

हे शब्द आम्ही ‘आन्की’ या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये भरले. त्यात तयार धड्यांबरोबर आपली स्वतःची पाने बनवण्याची सोय आहे : एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस रशियन आणि वाटल्यास उच्चाराचे ध्वनिमुद्रण. विसरण्याच्या बेताला आलेले पान ते पुन्हा समोर ठेवते. आईने सांगितलेल्या शब्दांची अशी चाळीसेक पाने झाली. तीच पाने मुलगी रोज सकाळी बसमध्ये उजळी. अ‍ॅप तेच करत होते, जे आधीचे अ‍ॅप करत होते. फरक इतकाच की आता त्यात भरलेले धान्य आमच्या घरचे होते.

२०२२ साल पुन्हा कठीण गेले. युद्ध सुरू झाले, विमानांचे मार्ग बदलले, परदेशी बँकांची कार्डे तेथे चालेनाशी झाली, पैसे पाठवणे जिकिरीचे झाले. परंतु त्या वर्षी मुलीने परत यावेसे वाटते असे ना उच्चारले, ना सुचवले. त्याच वर्षी मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १९६१ साली रशियाला जाऊन आलेल्या आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिणाऱ्या अण्णाभाऊंना औपचारिक शाळा जवळजवळ लाभलीच नव्हती. पुढच्या सुट्टीत मुलगी तेथे जाऊन आली. पहारेकऱ्याने हे कोण, असे विचारले, तेव्हा तिने त्याला रशियनमध्ये अर्धा तास सांगितले. त्या अर्ध्या तासाचा मला जो आनंद झाला, तो ५०० च्या आकड्याने कधी झाला नव्हता.

२०२४ साली ती शिक्षण पूर्ण करून परतली. येथील पात्रता परीक्षेचा अभ्यास अजून चालू आहे. ती वाट सोपी नाही. आईला मात्र ते पाहायला मिळाले नाही. आदल्या वर्षी ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुलीने तिकडून आन्कीतली ती चाळीस पाने उघडून एकेक शब्द आजीसाठी मोठ्याने वाचला, असे तिने मला नंतर सांगितले. ते कोणत्याही विधीत बसत नाही. पण मला ते योग्य वाटले.

माझे रशियन आजही बेताचेच आहे. वर्तमानपत्राचा मथळा समजतो, साधे पत्र लिहिता येते, वेगाने बोललेले कळत नाही. तरीही शाळेत आज शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना अनुभवाच्या आधारे दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मोबाइलचे अ‍ॅप जरूर वापरा. आपल्यासारख्यांना शिकवणीचे शुल्क परवडत नाही आणि हे साधन जवळजवळ फुकट आहे. पण शेजारी एक वही ठेवा आणि तिच्यात नवी भाषा थेट मराठीला जोडून लिहा. इंग्रजीवाचून जगाची दारे उघडत नाहीत, या भीतीपोटी आपण मराठीचे व्याकरण निरुपयोगी समजतो. मला मात्र त्व्हेरकडे नेणारी जवळची वाट विभक्तीच्या तक्त्यातून सापडली. हजेरीच्या आकड्याला भुलू नका. महिन्यातून एकदा मोबाइल बंद करून काय उरले ते वहीत उतरवून पाहा. आणि शिकलेले वाक्य ज्याला ऐकवता येईल असे एखादे माणूस शोधा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत आजही काही कुटुंबे पोर्तुगीजपासून घडलेली आपली स्वतंत्र बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. ती बोली टिकली, कारण आया ती लेकरांशी बोलत राहिल्या.

शेवटी एका शब्दाविषयी. रशियनमध्ये ‘बुदीत्’ म्हणजे जागे करणे. आपल्या ‘बुध्’ धातूचाच तो सगोत्र. बोध आणि बुद्ध हे शब्द त्याच मुळाचे. त्यापासून गजराच्या घड्याळाला ‘बुदील्निक’ म्हणतात. मी हा शब्द शिकलो तेव्हा प्रथम आठवली ती आपल्या शाळेची पहाटेची घंटा. घंटा आम्हाला जागे करी आणि थांबे. त्यापुढे अंगावरचे पांघरूण आमचे आम्हालाच काढावे लागे, आणि ते काढले की नाही हे पाहायला कंदील घेऊन अधीक्षक दारात उभे असत. माझ्या मोबाइलवरही रोज सकाळी पाचला गजर वाजतो. त्या गजराला मी नाव दिले आहे, ‘सर’.